इकारॉसची अँटिबॉडी: निवडण्यापासून भरवसा ठेवण्यापर्यंत

"ताई, इकारॉससाठी कुठली अँटिबॉडी मागवू?" लॅबमध्ये नव्याने आलेली मुलं वर्षातून दोन-तीनदा तरी हे विचारतात. (इकारॉस हे पेशीतलं एक प्रथिन; अँटिबॉडी म्हणजे ते ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन.) मी उलट विचारते, "आल्यावर तिची परीक्षा कशी घेणार आहेस?" याचं उत्तर तयार नसेल तर ऑर्डर थांबवायला सांगते. शंभर मायक्रोलिटरच्या कुपीची किंमत पाच आकड्यांत जाते, माल हातात पडायला कित्येक आठवडे लागतात, आणि चुकीची अँटिबॉडी लगेच लक्षात येत नाही. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकाराने वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवण्याच्या चाचणीत, ती बँड (पट्टा) दाखवतच राहते. त्या बँडवर विसंबून कुणाचं तरी एक वर्ष जातं. म्हणून या लेखात कंट्रोलवर, म्हणजे अँटिबॉडीची परीक्षा घेणाऱ्या तुलनेच्या नमुन्यांवर, जास्त लिहिलं आहे आणि खरेदीवर कमी.

उदाहरणासाठी इकारॉसच घेते. हे झिंक फिंगर जातीचं ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) आहे, त्याच्या जनुकाचं नाव आयकेझेडएफ-१. रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांना ते चांगलं माहीत असतं. शिवाय त्याच्या बाबतीत एक सोय अशी आहे जी फार थोड्या प्रथिनांना मिळते: बाजारात मिळणाऱ्या एका औषधाने ते पेशीतून काही तासांत नाहीसं करता येतं. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

प्रथिनाची ओळख, कारण सगळे घोटाळे इथूनच निघतात

झिंक फिंगर म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला साधारण तीस अमिनो आम्लांचा तुकडा. त्यातली दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात. त्या अणूभोवती साखळी घट्ट दुमडते आणि तयार झालेलं 'बोट' डीएनएच्या खाचेत बसतं. १९८५ मध्ये आफ्रिकन बेडकाच्या टीएफ-तीन-ए या प्रथिनाच्या अभ्यासातून ही कल्पना पहिल्यांदा मांडली गेली. माणसात या जातीची बोटं असलेली सातशेहून अधिक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर्स आहेत.

हा सातशेचा आकडा अँटिबॉडीवाल्याने कायम लक्षात ठेवायचा. सगळी बोटं एकाच साच्यातली असतात. दोन बोटांना जोडणारा छोटा दुवासुद्धा असंख्य प्रथिनांत जवळजवळ तोच असतो: थ्रिओनिन, ग्लायसिन, ग्लुटामिक आम्ल, लायसिन, प्रोलिन. अँटिबॉडी नेमकी या भागावर बनवली असेल तर ती इकारॉसला ओळखेल, पण तिला आणखी कोणकोण ओळखीचं वाटेल याचा नेम नाही.

इकारॉसचं पहिलं वर्णन १९९२ मध्ये कात्या जॉर्जोपोलोस यांच्या गटाने प्रसिद्ध केलं. माणसातल्या पूर्ण लांबीच्या प्रथिनात ५१९ अमिनो आम्लं आहेत. सुरुवातीच्या बाजूची चार बोटं डीएनएला धरतात, शेवटची दोन बोटं इकारॉसच्याच दुसऱ्या रेणूला किंवा त्याच्या भावंडांना. भावंडं चार: हेलिऑस, आयोलॉस, इऑस आणि पेगासस. त्यातला आयोलॉस, म्हणजे आयकेझेडएफ-३, आकाराने जवळपास इकारॉसएवढाच आहे आणि बी-पेशींत व मायलोमात (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) इकारॉसच्या जोडीनेच सापडतो. ब्लॉटवर हे दोघे एकाच उंचीवर उतरतात. हा मोठा धोका आहे.

दुसरी गुंतागुंत आयसोफॉर्मची. एकाच जनुकातून स्प्लायसिंगने (जनुकाच्या प्रतीचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून) वेगवेगळी रूपं तयार होतात, काहींत डीएनए धरणारी बोटं कमी असतात. रक्ताच्या कर्करोगात, विशेषतः फिलाडेल्फिया क्रोमोसोम असलेल्या अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, जनुकाचे चार ते सात हे एक्सॉन (प्रतीत जोडले जाणारे तुकडे) गळून गेलेले अनेकदा आढळतात. त्यातून तयार होणाऱ्या रूपाला आयके-६ म्हणतात. त्यात पहिली चारही बोटं नसतात, शेवटची दोन मात्र शाबूत असतात. असं रूप चांगल्या इकारॉसशी जोडी जमवतं आणि त्यालाही निकामी करतं. आता विचार करा: तुमची अँटिबॉडी गळून गेलेल्या भागावर बनवली असेल, तर रुग्णाच्या नमुन्यात तुम्हाला आयके-६ दिसणारच नाही, आणि तुम्ही "इकारॉस कमी झालं" एवढंच लिहाल. प्रत्यक्षात तिथे एक घातक रूप भरपूर प्रमाणात असेल.

निवड: माहितीपत्रकात काय शोधायचं

पहिली गोष्ट म्हणजे अँटिबॉडी प्रथिनाच्या कोणत्या तुकड्यावर बनवली आहे. "मानवी इकारॉसचं कृत्रिम पेप्टाइड" एवढ्यावर समाधान मानू नका. कितव्या अमिनो आम्लापासून कितव्यापर्यंत, हे विचारा. कंपनी नेमका क्रम सांगत नसेल तरी "सुरुवातीकडचा, मधला की शेवटाकडचा" एवढं ई-मेलवर बहुधा सांगते. तुकडा कळला की प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये इकारॉस, आयोलॉस आणि हेलिऑसचे क्रम शेजारी-शेजारी मांडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुकडा बोटांच्या बाहेरचा, भावंडांत न जुळणारा निघाला तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात. सगळी रूपं पाहायची असतील तर शेवटाकडची अँटिबॉडी घ्या. शक्य असेल तर एक सुरुवातीकडची आणि एक शेवटाकडची अशा दोन घ्या. दोघींची साक्ष जुळली तर तिला वजन येतं.

पॉलिक्लोनल, मोनोक्लोनल की रिकॉम्बिनंट? माझं मत स्पष्ट आहे: मिळत असेल तर रिकॉम्बिनंट. पॉलिक्लोनल म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण, ती एका सशाच्या रक्तातून येते. तो ससा गेला की तीच अँटिबॉडी पुन्हा मिळत नाही, आणि पुढचा लॉट म्हणजे नवी अँटिबॉडी. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमाची (एकच अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या संकरित पेशींची) पद्धत दिली तेव्हापासून मोनोक्लोनलने हा प्रश्न बराच सोडवला, पण हायब्रिडोमा पेशीसुद्धा काळाबरोबर बदलतात. रिकॉम्बिनंटचा जनुकीय क्रम लिहून ठेवलेला असतो, त्यामुळे दहा वर्षांनीही तीच वस्तू बनवता येते. पीएचडी चार-पाच वर्षं चालते हे लक्षात घेतलं तर हा फायदा छोटा नाही.

माहितीपत्रकावरचा फोटो बारकाईने पाहा. ब्लॉट पूर्ण दाखवला आहे की एकाच बँडपुरती पट्टी कापली आहे? इकारॉस न बनवणाऱ्या पेशीची लेन (नमुन्याचा रकाना) आहे का? नॉकआउट पेशी (जनुक काढून टाकलेल्या) दाखवल्या आहेत का? फोटोतलं लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) पेशींत मुद्दाम जास्त प्रथिन बनवून घेतलेलं असेल तर त्यावरून तुमच्या नमुन्यातल्या नैसर्गिक पातळीबद्दल काहीच कळत नाही. संदर्भांची लांबलचक यादी पाहून भुलू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडी नॉकआउट पेशींवर तपासल्या होत्या, आणि त्यात नापास झालेल्या अँटिबॉडीसुद्धा अनेक प्रसिद्ध शोधनिबंधांत वापरल्या गेल्याचं निघालं.

कंट्रोल: अँटिबॉडी यायच्या आधी हे तयार ठेवा

२०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी तपासण्याच्या पाच वाटा मांडल्या: जनुक काढून किंवा दाबून पाहणं, प्रथिनाची पातळी वेगळ्याच पद्धतीने मोजून ताळा पाहणं, दुसऱ्या स्वतंत्र अँटिबॉडीशी तुलना, टॅग (ओळखीची छोटी खूण) लावलेलं प्रथिन पेशीत बनवून घेणं, आणि अँटिबॉडीने धरलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. पाचही सगळ्यांना जमणार नाहीत. पण एकही न करता पुढे जाऊ नये.

जनुक काढणं ही सर्वांत भक्कम वाट. पण इकारॉस ज्या पेशींत असतं त्या लिम्फॉइड पेशी द्रवात तरंगतात, साध्या लिपिड अभिकर्मकांनी त्यांच्यात एसआय-आरएनए (जनुक दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे) नीट शिरत नाही, इलेक्ट्रोपोरेशन लागतं. क्रिस्परने (जनुक कापण्याच्या पद्धतीने) नॉकआउट करायला वेळ आणि हात दोन्ही हवेत. इथे लेनालिडोमाइड कामी येतं.

लेनालिडोमाइड हे मल्टिपल मायलोमावरचं औषध. ते नेमकं काय करतं हे २०१४ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. पेशीत सेरेब्लॉन नावाचं प्रथिन असतं, कोणत्या प्रथिनाची विल्हेवाट लावायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा तो भाग. लेनालिडोमाइड त्याला चिकटलं की सेरेब्लॉन इकारॉस आणि आयोलॉसच्या दुसऱ्या झिंक फिंगरला पकडतं, त्यांच्यावर युबिक्विटिन (विल्हेवाटीची खूण) चढतं आणि प्रोटिअसोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) त्यांचा फडशा पाडतो. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की मायलोमाच्या पेशींना औषध दिल्यावर तुमचा बँड गेला पाहिजे. नाही गेला, तर तो बँड दुसऱ्या कशाचा तरी आहे असा संशय घ्या.

मी असं करते. पेशी मायलोमाच्या एमएम-१-एस, किंवा त्या नसतील तर मानवी टी-पेशींची जर्कॅट रेषा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून पेशीरेषा मागवता येतात, हवी ती रेषा यादीत आहे का हे आधी पाहून घ्या. आल्यावर मायकोप्लाझ्माचा (जिवाणूंचा) संसर्ग तपासा. लेनालिडोमाइड डीएमएसओ या द्रावकात विरघळवून १० मिलिमोलरचा साठा करा, छोट्या कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. माध्यमात हजारपट पातळ केलं की १० मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतं. पाण्यात पातळ केलेलं औषध साठवू नका, दर वेळी ताजं करा. पेशी चार भागांत वाटा: एका भागाला फक्त डीएमएसओ, बाकीच्या तिघांना २, ६ आणि २४ तास औषध. चोवीस तासांत पेशी मरत नाहीत, मायलोमाच्या पेशी मरायला काही दिवस लागतात. त्यामुळे बँड गेला तर तो पेशी मेल्यामुळे गेला अशी शंका राहत नाही.

पाचवा भाग अवश्य ठेवा: आधी अर्धा तास प्रोटिअसोम रोखणारं एमजी-१३२, १० मायक्रोमोलर, आणि मग त्यावर सहा तास लेनालिडोमाइड. प्रोटिअसोम बंद असल्यामुळे बँड इथे परत दिसायला हवा. औषधाने गेला आणि प्रोटिअसोम रोखल्यावर परतला, एवढं एका ब्लॉटवर दिसलं की मला बरंच हायसं वाटतं.

लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या कुळातलं औषध आहे, गर्भातल्या बाळाला त्याने गंभीर व्यंग येऊ शकतं. पावडर तोलताना हातमोजे आणि मास्क घाला, फ्यूम हूड वापरा. गरोदर असलेल्या किंवा तशी शक्यता असलेल्या सहकाऱ्याने ते हाताळू नये. कुप्यांवर हे ठळक लिहा, नुसतं "लेन" असं लिहून ठेवू नका.

आणि एक मर्यादा. हा कंट्रोल माणसाच्या पेशींतच चालतो. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये एक अमिनो आम्ल वेगळं आहे, तेवढ्याने औषध निष्प्रभ ठरतं. उंदराच्या प्लीहेतल्या पेशींवर लेनालिडोमाइड टाकून "बँड गेला नाही, अँटिबॉडी वाईट" असा निष्कर्ष काढू नका.

आता खरी मेख. औषध इकारॉस आणि आयोलॉस दोघांनाही घालवतं. तुमची अँटिबॉडी प्रत्यक्षात आयोलॉसला धरत असेल तरीही बँड जाईल आणि तुम्ही फसाल. म्हणून दुसरी परीक्षा: एचईके-२९३-टी पेशी घ्या. त्यांत या दोघांपैकी कुणीच नसतं आणि बाहेरचं डीएनए त्या सहज स्वीकारतात. एका थाळीत फ्लॅग टॅग लावलेलं इकारॉस, दुसरीत तसंच आयोलॉस, तिसरीत हेलिऑस, चौथीत रिकामा प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं कडं). दोन दिवसांनी चारही लायसेट शेजारी-शेजारी चालवा. आधी फ्लॅगची अँटिबॉडी लावून तिन्ही प्रथिनं तयार झाली हे सिद्ध करा, मग दुसऱ्या मेम्ब्रेनवर तुमची अँटिबॉडी. ती फक्त पहिल्या लेनमध्ये दिसली पाहिजे. ही परीक्षा एकदाच करायची आहे, तिचा फोटो वहीत चिकटवून ठेवा. पुढे परीक्षक विचारतात तेव्हा तोच दाखवायचा असतो.

लायसेट: प्रथिन बाहेर आलंच नाही तर अँटिबॉडी काय करणार

इकारॉस क्रोमॅटिनला (केंद्रकातल्या डीएनए-प्रथिनांच्या गुंफणीला) घट्ट चिकटून असतं. सौम्य डिटर्जंटने पेशी फोडून गाळ फेकून दिला तर इकारॉसचा मोठा हिस्सा त्या गाळाबरोबर जातो. "बँड फिका येतो" या तक्रारीचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. ब्लॉटसाठी सरळ मार्ग असा: पेशी थेट १ ते २ टक्के एसडीएस (तीव्र डिटर्जंट) असलेल्या बफरमध्ये फोडा, ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवा, आणि डीएनएमुळे आलेला चिकटपणा जाईपर्यंत सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी डीएनए तोडा). पिपेटच्या टोकातून थेंब तार न धरता पडला की झालं. सोनिकेटर नसेल तर बारीक सुईतून दहा-बारा वेळा ओढा. एसडीएस असल्यामुळे प्रथिन मोजायला ब्रॅडफर्ड चाचणी नको, बीसीए चाचणी वापरा.

पेशी फोडण्याआधी थंड पीबीएसने (खारट बफरने) दोनदा धुवा. तरंगणाऱ्या पेशींबाबत हे सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण प्रत्येक वेळी पुन्हा फिरवाव्या लागतात. पण माध्यमातल्या सिरममध्ये अल्ब्युमिन ठासून भरलेलं असतं, त्याचं वजन ६६ किलोडाल्टन, आणि इकारॉस नेमकं त्याच टापूत उतरतं. अल्ब्युमिनचा जाड पट्टा शेजारचे बँड ढकलून वाकडे करतो. एकदा मी स्वतः तीन आठवडे एका हसऱ्या, वाकलेल्या बँडला नवं आयसोफॉर्म समजत होते. पेशी नीट धुतल्यावर तो सरळ झाला आणि 'नवं आयसोफॉर्म' गेलं.

प्रोटिएज इनहिबिटर ताजा घाला, बर्फावर काम करा. प्रथिनावर चढलेले फॉस्फेट पाहायचे असतील तर फॉस्फेटेज इनहिबिटरही घाला.

इथे झिंक फिंगरपुरती एक खास गोष्ट. ईडीटीए जस्त ओढून घेतं. ब्लॉटमध्ये प्रथिन उकळून सरळ केलेलंच असतं, तिथे याने काही बिघडत नाही. पण प्रथिन मूळ आकारात धरायचं असेल, म्हणजे इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीने प्रथिन अर्कातून धरून काढणं) किंवा डीएनएला चिकटण्याची चाचणी करायची असेल, तर बफरमध्ये भरपूर ईडीटीए असणं म्हणजे बोटं उलगडून टाकणं. तयार इनहिबिटर गोळ्यांतही ईडीटीए असतं, त्याविना मिळणारा प्रकार मागवा. डीएनएला चिकटण्याच्या चाचणीत आम्ही बफरमध्ये १० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड घालतो.

जेल ते फिल्म

दहा टक्क्यांचं जेल, लेनमागे २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन मिथेनॉलमध्ये भिजवून घ्या, मग थंडीत १०० व्होल्टवर तासभर ओलं ट्रान्सफर. त्यानंतर पोन्सोचा लाल रंग लावून लेन सारख्या आहेत का ते पाहा आणि त्याचाही फोटो काढा. टीबीएस-ट्वीनमध्ये पाच टक्के स्किम्ड दूध पावडर, एक तास ब्लॉक. पहिली अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर, दुसऱ्या दिवशी दहा-दहा मिनिटांचे तीन धुवण, दुसरी (पहिलीला ओळखणारी, एचआरपी हे एन्झाइम जोडलेली) अँटिबॉडी तासभर, पुन्हा तीन धुवण, मग ईसीएल (एचआरपीमुळे चकाकणारा अभिकर्मक). सोडियम अझाइड घातलेल्या बफरमध्ये दुसरी अँटिबॉडी कधीही पातळ करू नका, अझाइडने एचआरपी मरतं आणि मेम्ब्रेन कोरी राहते.

अँटिबॉडी किती पातळ करायची हे माहितीपत्रकावरून अंदाजाने घ्या आणि स्वतः ठरवा. एकच लायसेट रुंद लेनमध्ये चालवून मेम्ब्रेनच्या चार पट्ट्या कापा, आणि १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० अशा लावा. सर्वांत गडद बँड देणारी निवडायची नाही; औषध दिलेल्या आणि न दिलेल्या लेनमधला फरक जिथे सर्वांत मोठा दिसतो, ती निवडायची. म्हणून प्रत्येक पट्टीवर दोन्ही लेन हव्यात. बहुतेक वेळा सुचवलेल्यापेक्षा पातळ प्रमाणच सरस ठरतं आणि कुपीही जास्त दिवस पुरते.

मोजमाप करायचं असेल तर लायसेटचे ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम चालवून पाहा. प्रथिन दुप्पट केल्यावर बँडही दुप्पट होतो तेवढ्याच पट्ट्यात मोजा. फिल्म भरून गेलेल्या काळ्या बँडवरून "दीडपट वाढ" काढणं बरोबर नाही.

लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखा नमुना घातला हे दाखवणारं प्रथिन) निवडताना लॅमिन बी-१ टाळा. केंद्रकातलं प्रथिन म्हणून सगळे तेच घेतात, पण ते ६६ ते ७० किलोडाल्टनला उतरतं, बरोबर इकारॉसच्या अंगावर. हिस्टोन एच-३ घ्या, ते १७ किलोडाल्टनला खाली असतं, किंवा व्हिंक्युलिन, जे बरंच वर असतं.

बँड वाचताना

५१९ अमिनो आम्लांचा हिशेब ५७-५८ किलोडाल्टन येतो. प्रत्यक्षात पूर्ण लांबीचं इकारॉस बहुधा ६० ते ७५ च्या दरम्यान दिसतं, आणि दोन किंवा तीन जवळजवळचे बँड असणं नेहमीचं आहे. त्यात वेगवेगळी आयसोफॉर्म आहेत, शिवाय फॉस्फेट चढल्यामुळे आणि सुमो (जोडलं जाणारं एक छोटं प्रथिन) लागल्यामुळे वर सरकलेली रूपं आहेत. म्हणून "हिशेबात ५८ आणि दिसतंय ६५, अँटिबॉडी चुकीची" असं घाईने ठरवू नका. खरा निकष आकड्याचा नाही, वागणुकीचा आहे: औषधाने सगळे बँड एकत्र फिके पडतात का, आणि एचईके पेशीत कोणता बँड नैसर्गिकपणे दिसतो का.

औषध देऊनही एखादा बँड टिकला तर तीन शक्यता तपासा. बँड ४० किलोडाल्टनच्या आसपास किंवा त्याखाली असेल आणि नमुना ल्युकेमियाचा असेल, तर तो आयके-६ असू शकतो: त्यात दुसरं बोटच नाही, म्हणून सेरेब्लॉन त्याला धरूच शकत नाही. अशा वेळी आरटी-पीसीआर (आरएनएवरून जनुकाची प्रत तपासणं) करून एक्सॉन गळल्याची खात्री करा, नुसत्या ब्लॉटवर निदान लिहू नका. बँड वरच्या बाजूला असेल तर तो हेलिऑस असू शकतो, कारण त्याच्या दुसऱ्या बोटातल्या एका अमिनो आम्लाच्या फरकामुळे लेनालिडोमाइड त्याला घालवत नाही. आणि एचईके पेशीतही तोच बँड दिसत असेल तर तो सरळसरळ परका आहे. परका बँड लांब असेल तर त्याच्यासह काम चालवता येतं. इकारॉसच्या शेजारीच असेल तर ती अँटिबॉडी बाजूला ठेवा, कितीही महाग पडली तरी.

पहिली अँटिबॉडी न लावता फक्त दुसरी लावलेली एक पट्टीही एकदा करून पाहा. रुग्णाच्या पेशींवरची इम्युनोग्लोब्युलिन काही दुसऱ्या अँटिबॉडींना दिसतात.

ब्लॉटच्या पलीकडे

ब्लॉटवर उत्तम चाललेली अँटिबॉडी सूक्ष्मदर्शकाखाली चालेलच असं नाही. ब्लॉटवर प्रथिन उलगडलेलं असतं, पेशीत ते दुमडलेलं आणि फॉर्माल्डिहाइडने बांधलेलं असतं. प्रत्येक पद्धतीसाठी परीक्षा वेगळी घ्यावी लागते, पण वरचाच औषधाचा कंट्रोल सगळीकडे वापरता येतो, आणि मला त्याचं मोल यातच जास्त वाटतं.

इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चकाकणाऱ्या अँटिबॉडीने प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी) पेशी पॉली-लायसिन लावलेल्या काचेवर बसवा, ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये दहा-पंधरा मिनिटं, मग ०.२ ते ०.५ टक्के ट्रायटन. केंद्रकाच्या आत अँटिबॉडी पोहोचायला हवी, त्यामुळे इथे कंजुषी नको. चकाकी केंद्रकात दिसली पाहिजे. विभाजन चालू असलेल्या लिम्फोसाइटमध्ये सेंट्रोमिअरजवळच्या दाट क्रोमॅटिनवर ठिपके दिसतात. सगळी चकाकी सायटोप्लाझममध्ये असेल तर आधी अँटिबॉडीवर संशय घ्या. आयके-६ मात्र खरोखरच सायटोप्लाझममध्ये रेंगाळतं.

फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजताना) केंद्रकातल्या प्रथिनांसाठीचे वेगळे फिक्सेशन बफर मिळतात, तेच वापरा. साध्या सॅपोनिनने केंद्रक नीट उघडत नाही.

इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये अँटिबॉडीची जड साखळी ५० ते ५५ किलोडाल्टनला येते आणि इकारॉसची छोटी रूपं झाकून टाकते. धरायला सशाची आणि दाखवायला उंदराची अँटिबॉडी घ्या, किंवा फक्त हलकी साखळी ओळखणारी दुसरी अँटिबॉडी वापरा.

चिप (प्रथिन डीएनएच्या कुठल्या जागांवर बसतं ते अँटिबॉडीने शोधणं) करायचं असेल तर १ टक्का फॉर्माल्डिहाइड दहा मिनिटं, १२५ मिलिमोलर ग्लायसिनने थांबवा, क्रोमॅटिनचे २०० ते ५०० बेसचे तुकडे करा. बहुतेक जण नकारात्मक कंट्रोल म्हणून नुसतं आयजीजी (इकारॉसला न ओळखणारी साधी अँटिबॉडी) ठेवतात. आयजीजीने अँटिबॉडी धरणारे मणी किती चिकट आहेत ते कळतं, तुमची अँटिबॉडी आणखी कुणाला धरते ते कळत नाही. लेनालिडोमाइड दिलेल्या पेशींवर तीच अँटिबॉडी लावून चिप करा. ज्या जागांवरचा सिग्नल तिथे पडतो त्याच जागांवर भरवसा ठेवा. त्या जागांमध्ये जी-जी-जी-ए-ए हा गाभा वारंवार दिसला तर अजून उत्तम, कारण इकारॉस तोच ओळखतं.

साठवण आणि नोंद

कुपी आल्या दिवशीच माहितीपत्रक वाचा. ग्लिसरॉल असलेली अँटिबॉडी उणे २० अंशांवर गोठत नाही, तशीच ठेवा. ग्लिसरॉल नसेल तर १० मायक्रोलिटरचे भाग करा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर वापरू नका, तो रोज थोडा गरम होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला वीज तासन्‌तास जाते. फ्रीजर जनरेटरच्या लाइनवर आहे का हे खात्रीने विचारून घ्या, आणि पार्सल शुक्रवारी संध्याकाळी येऊन सोमवारपर्यंत गेटवर पडून राहणार नाही अशा वारी मागवा.

वहीत आणि नंतर शोधनिबंधात प्रत्येक वेळी एवढं लिहा: कंपनी, कॅटलॉग क्रमांक, क्लोनचं नाव, लॉट क्रमांक, किती पातळ केली, कोणत्या बफरमध्ये, किती वेळ, आणि अँटिबॉडी रजिस्ट्रीत तिला मिळालेला आरआरआयडी क्रमांक. नवा लॉट आला की जुन्या लॉटचे उरलेले दहा मायक्रोलिटर संपवू नका. एकाच मेम्ब्रेनच्या दोन पट्ट्यांवर, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या लायसेटसह, जुना आणि नवा लॉट शेजारी लावा. त्यासाठी औषध दिलेल्या आणि न दिलेल्या लायसेटचा एक मोठा साठा एकदाच करून उणे ८० अंशांवर वीस-तीस कुप्यांत ठेवा आणि डब्यावर तारीख घाला. पूर्ण, न कापलेल्या ब्लॉटची मूळ फाइल वेगळी जपा. एचईके पेशींच्या चार लेनचा ब्लॉटही त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि अँटिबॉडीच्या कुपीवर त्या फोल्डरचा क्रमांक लिहा, म्हणजे तुमच्यानंतर ती कुपी उचलणाऱ्याला तिची परीक्षा झाली आहे का, आणि कशी झाली, हे लगेच सापडेल.